अर्धा गुंठा

"आठवत नाही," असे मी २००९ सालच्या उन्हाळ्यात आमच्या शेताच्या बांधावर उभा राहून म्हणालो, तेव्हा मला सगळे आठवत होते. हद्दीचा दगड मुळात कुठे होता हे आठवत होते, तो कोणी उपटला हे आठवत होते, आणि उपटताना कंदील कोणी धरला होता हेही आठवत होते, कारण कंदील माझ्याच हातात होता.

आमचे गाव खानापूर तालुक्यात आहे आणि शेत मलप्रभेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको की आमच्याकडे बांध ही कायमची गोष्ट नसते. दर दोन-तीन वर्षांनी तो कुठे ना कुठे फुटतो, आणि उघडीप मिळाली की दोन्हीकडच्या बांधकऱ्यांनी मिळून तो पुन्हा घालायचा अशी रीत आहे. १९८१ च्या आषाढात मात्र २७० फुटांचा अख्खा बांध वाहून गेला. शेजारचे आप्पा त्या आठवड्यात मुलीच्या सासरी गेले होते. वडिलांनी एकट्यानेच बांध घालायला घेतला आणि तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर मला कंदील घेऊन बोलावले. मी अकरा वर्षांचा होतो. पहारीने त्यांनी दगड हलवला, दोन फूट पलीकडे नेऊन रोवला आणि भोवती चिखल दाबून टाकला. ते काही बोलले नाहीत आणि मीही काही विचारले नाही. दोन फूट रुंद आणि २७० फूट लांब म्हणजे ५४० चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा असतो, तेव्हा अर्ध्या गुंठ्याला चार-साडेचार फूट कमीच.

वडील वाईट माणूस नव्हते, हे इथेच सांगून टाकतो. आमच्या चर्चच्या मंडळीच्या दानपेटीचा हिशेब त्यांनी कित्येक वर्षे ठेवला आणि त्यात पैचाही घोळ कधी झाला नाही. त्या वर्षी रोप कुजले होते, घरात दोन आजारी माणसे होती, आणि बांध नव्याने घालताना तो नेमका कुठून घालायचा हे ठरवणारे दुसरे कोणी समोर नव्हते. हे मी त्यांची बाजू मांडण्यासाठी सांगत नाही. अशी गोष्ट कशी घडते, एवढेच सांगतो आहे.

पुढे वडील गेले, आणि आप्पांच्या मुलाने बेळगावला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नोकरी धरली. शेताची मोजणी करून घ्या असा लकडा त्याने बापामागे लावला. आप्पांना बांधाबद्दल पहिल्यापासून शंका असावी, पण मोजणीचा अर्ज म्हणजे खर्च, हेलपाटे आणि शेजाऱ्याशी वाकडेपणा. म्हणून ते आधी माझ्याकडे आले. "मास्तर, तू तवा हितंच होतास. दगड हितंच होता काय गा?" मी म्हणालो, "आप्पा, मी लहान होतो तेव्हा. आठवत नाही." ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तू चर्चला जाणारा माणूस. तू म्हणतोस तर नसंल आठवत. ऱ्हाऊ दे मोजणी."

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले आणि पुढे ते मेथडिस्ट मंडळीकडे आले. दोनशे वर्षांत आमच्या मूठभर घराण्यांनी या मुलखात फार काही मिळवले असे नाही, पण 'चर्चची माणसे खोटे बोलत नाहीत' एवढी पत मिळवली होती. ती माझ्या पणजोबांनी, आजोबांनी साठवलेली होती. मी ती एका वाक्यात खर्च केली, आणि मोबदल्यात मला मिळाला तो अर्धा गुंठा, जो आधीपासून आमच्याच ताब्यात होता.

मी खोटे बोललो, हे स्वतःशी कबूल करायला मला बरीच वर्षे लागली. दगड इथेच होता असे मी म्हटले नव्हते. मी फक्त आठवत नाही असे म्हटले होते, आणि अकरा वर्षांच्या मुलाला आठवत नसणे अगदी शक्य आहे. मी मराठी शिकवतो, त्यामुळे वाक्यातल्या अशा फटी मला चटकन सापडतात. पण येशू पकडला गेला त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र यानेही प्रधान याजकाच्या वाड्यात शेकोटीपाशी याहून वेगळे काय केले होते? त्याने येशूवर आरोप केला नाही, त्याच्याविरुद्ध साक्ष दिली नाही. मी त्या माणसाला ओळखत नाही, एवढेच तो म्हणाला. जे ठाऊक आहे ते ठाऊक नाही असे सांगणे हाच त्याच्या नाकारण्याचा सगळा ऐवज होता.

आमच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, यासाठी 'सदसद्विवेकबुद्धी' असा शब्द आहे. तो एवढा लांब आहे की रविवारी शास्त्रपाठ वाचणारी मुले त्यावर हमखास अडखळतात, आणि घरात तर तो कोणीच उच्चारत नाही. माझी आजी 'मन खातंय' म्हणायची. शेजारच्या बायका 'खाई त्याला खवखवे' म्हणत, आणि ज्याने कच्चे अळू खाल्ले आहे त्याला या म्हणीचा नेमकेपणा समजावून सांगावा लागत नाही: खाल्ल्याचे कोणी पाहिलेले नसते, पण घसा सांगतो. हिब्रू शास्त्रातही या गोष्टीला वेगळे नाव नाही; तिथे हे काम अंतःकरणाकडे सोपवलेले आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात शौल राजा दावीद लपला होता त्याच गुहेत शिरतो. दाविदाची माणसे त्याला सांगतात की देवाने शत्रू तुझ्या हाती दिला आहे. दावीद राजाला मारत नाही, फक्त त्याच्या झग्याचा काठ हळूच कापून घेतो, आणि त्यानंतर त्या काठासाठी त्याचे मन त्याला टोचत राहते. ज्या माणसाने जीव घ्यायचे नाकारले, त्याला कापडाची एक पट्टी जड झाली. मला या गोष्टीतल्या मोजमापाचे नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

नव्या करारात प्रेषित पौल जो ग्रीक शब्द वापरतो त्याचा मूळ अर्थ 'सोबत जाणणे' असा आहे, म्हणजे आपल्याच आत बसलेला दुसरा जाणणारा, साक्षीदार. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की ज्यांच्यापाशी नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणावर त्याची मागणी लिहिलेली असते आणि त्यांची विवेकबुद्धी साक्ष देते. मनाला ग्वाही करण्याची रीत ज्या भाषेत शतकानुशतके आहे, त्या भाषेत हे परके वाटण्याचे कारण नाही. साक्षीदार या शब्दाकडे मात्र मी फार वर्षे कानाडोळा केला. साक्षीदार न्याय देत नाही आणि शिक्षाही करत नाही. तो एकच करतो: जे पाहिले ते सांगत राहतो. आणि बांधावर साक्ष देण्याची पाळी आली तेव्हा मी ज्याला गप्प केले, तो आप्पांच्या उपयोगी पडणारा एकमेव साक्षीदार होता.

ही टोचणी लगेच सुरू झाली नाही. चार वर्षे मी सुखाने झोपलो. मग एका कापणीच्या सणाला ती आली. आमच्याकडे त्या रविवारी लोक शेतातले पहिले पीक मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एखाद्या पोराने आणलेला भोपळा पाचशे रुपयांना जातो आणि सगळे हसतात. मी त्या शेतातला इंटाण तांदळाचा कट्टा वेदीपुढे नेऊन ठेवला. त्या दिवशीचा शास्त्रपाठ स्तोत्रांतला होता, पण खाली वाकून कट्टा टेकवताना मला मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली दोन वचने आठवली: तू आपले दान वेदीपाशी आणत असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे तुला स्मरण झाले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. त्या वचनातला 'स्मरण' हा शब्द मला झोंबला. मी ज्याला 'आठवत नाही' म्हटले होते, ते मला नेमके वेदीपाशी आठवले. कट्टा मी तिथेच ठेवला, वचनात सांगितल्याप्रमाणे. गेलो मात्र नाही.

त्यानंतरच्या वर्षांत मी जे काही केले ते धार्मिक दृष्टीने वाखाणण्यासारखे होते. चर्चला द्यायचा दशांश वाढवला. मंदिराच्या छताच्या दुरुस्तीला न मागता पैसे दिले. गुड फ्रायडेला दिवसभर उपास केला. प्रभुभोजनाआधीच्या पापांगीकारात विचाराने, शब्दाने आणि कृतीने पाप केल्याचे सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणत राहिलो, आणि त्या सामुदायिक कबुलीत एक गंमत आहे: तिच्यात सगळी पापे मावतात, म्हणून एकाचेही नाव घ्यावे लागत नाही. मन मागत होते अर्धा गुंठा, आणि तो सोडून बाकी वाटेल ते द्यायला मी तयार होतो. आता मागे वळून पाहताना वाटते, टोचणीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांत मी नव्हतोच. मी तिला सतत खाऊपिऊ घालत होतो, फक्त तिचे म्हणणे ऐकत नव्हतो.

एका पाळकसाहेबांपुढे मी एकदा विषय काढला, अर्थात आडून. जुने काहीतरी मनाला लागून राहिले आहे, असे म्हणालो. ते मायेने म्हणाले की ख्रिस्ताच्या रक्ताने सर्व धुतले गेले आहे, जुने उकरत बसणे हा अविश्वास आहे. मी त्यांना दोष देत नाही. पूर्ण रोग न सांगणाऱ्याला वैद्य औषध तरी काय देणार? पण घरी येऊन मी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा नववा अध्याय उघडला, तेव्हा ख्रिस्ताचे रक्त आपली विवेकबुद्धी निर्जीव कर्मांपासून शुद्ध करते या वाक्याला पुढे एक शेपूट आहे हे दिसले: जिवंत देवाची सेवा करण्यासाठी. शुद्ध झालेले मन गप्प बसवलेले मन नव्हे. ते कामाला लागलेले मन असते. माझा कॅम्पात राहणारा एक मित्र आहे, घरी कोंकणी बोलणारा, १९५३ साली झालेल्या बेळगाव धर्मप्रांतातला कॅथोलिक. त्याच्यापाशीही मी असाच गोल गोल बोललो. तो म्हणाला, आमच्यात चोरीचे पाप सांगितले की फादर विचारतात, परत केलेस का? करणार नसशील तर पश्चात्ताप कसला? मी त्या दिवशी त्याच्याकडचा चहाही पुरता प्यालो नाही.

मन टोचते म्हणजे ते बरोबरच असते, असे मात्र मी मानत नाही, आणि याला घरातलेच कारण आहे. माझ्या आत्येचे पहिले मूल जन्मून तिसऱ्या दिवशी गेले. पावसाळा होता, ओढा भरलेला होता, पाळकसाहेब पोहोचू शकले नाहीत, बाप्तिस्मा राहिला. आत्या त्यानंतर कित्येक वर्षे प्रभुभोजनाला पुढे गेली नाही. सगळे उठून वेदीशी गुडघे टेकत तेव्हा ती बाकावर बसून राही, पदराचे टोक बोटाला गुंडाळत. तिला कोणी काय सांगितले नाही! देव अन्यायी नाही, तू काही चुकवले नाहीस, ओढ्याला तू पूर आणला नाहीस. ती मान डोलवी आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बसून राही. तिच्या मनाची टोचणी माझ्यापेक्षा कितीतरी तीव्र होती आणि तिच्या मागे एकही अपराध नव्हता.

हा फरक कळायला मला आत्येचा चेहरा आणि माझा आरसा दोन्ही लागले. ख्रिस्ती इतिहासात या आजाराची मोठी उदाहरणे आहेत. प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर मठात असताना आपल्या वडीलधाऱ्या गुरूपाशी, योहान फोन श्टाउपित्सपाशी, तासन्‌तास पापे सांगत बसे आणि उठून गेल्यावर राहिलेले काही आठवले म्हणून परत येई. पुढे जेसुइट संघ स्थापन करणारा इग्नेशियस लोयोला १५२२ साली मान्रेसाला असताना, सांगितलेलीच पापे पुन्हा पुन्हा सांगूनही त्याचे समाधान होईना, इतके की जीव द्यावा असे त्याला वाटू लागले. यातून वर आल्यावर त्याने जे टिपून ठेवले ते मला फार शहाणपणाचे वाटते: ज्याचे मन हळवे आहे त्याला सैतान अधिक हळवे करतो आणि ज्याचे निबर आहे त्याला अधिक निबर. माझ्या आत्येला आणि मला एकच उपदेश करून चालले नसते. तिला योहानाच्या पहिल्या पत्रातले वचन हवे होते, की आपले मन आपल्याला दोषी ठरवत असले तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. मी ते वचन स्वतःला लावून घेतले, आणि दुसऱ्याचे औषध प्यालो.

ओळखावे कसे, असे मला कोणी विचारले तर मी एवढेच सांगेन की आत्येची टोचणी तिला काहीच करायला सांगत नव्हती. ती फक्त 'तू वाईट आहेस' म्हणत होती, आणि त्याला उत्तर नव्हते. माझी टोचणी मी वाईट आहे असे कधी म्हणाली नाही. ती बांध म्हणत होती, दगड म्हणत होती, आप्पांचे नाव घेत होती. तिचे काम छोटे होते, एका दुपारचे, आणि पहारीशिवाय त्याला काही लागणार नव्हते. पौलाने दुसऱ्या करिंथकरांस पत्रात दोन दुःखांचा भेद सांगितला आहे, एक देवाप्रीत्यर्थ असलेले, जे पश्चात्तापाकडे नेते, आणि दुसरे जगाचे, जे मरणाकडे नेते. पेत्र आणि येशूला धरून देणारा यहूदा दोघेही त्या एका रात्रीत रडकुंडीला आले; एक पुन्हा उठलेल्या येशूबरोबरच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या न्याहारीपर्यंत पोहोचला, दुसरा पोहोचला नाही.

तेरा वर्षांत मी कधीही 'सांगणार नाही' असे ठरवले नव्हते. माझे म्हणणे एवढेच होते की आत्ता नको. सुगी होऊ दे, आप्पांच्या घरचे लग्न होऊ दे, आईच्या कानावर जायला नको, तिच्यानंतर बघू. प्रेषितांच्या कृत्यांच्या २४ व्या अध्यायातला फेलिक्स सुभेदार हा माझा खरा पूर्वज आहे. कैदेत असलेला पौल त्याच्यापुढे आणि त्याची बायको द्रुसिल्ला हिच्यापुढे नीतिमत्त्व, संयमन आणि पुढे येणारा न्याय यांविषयी बोलू लागला, तेव्हा फेलिक्स भयभीत झाला, आणि म्हणाला, आता जा, सवड मिळाली की तुला बोलावीन. त्याने पौलाला हाकलले नाही. उलट तो त्याला वरचेवर बोलावून गप्पा मारत राहिला, मनात लाचेची आशा धरून, आणि दोन वर्षांनी बदली झाली तेव्हा त्याला कैदेतच ठेवून गेला. भयभीत होण्याएवढे ज्याचे मन जागे होते, त्याच्याकडून एवढे साधे काम झाले नाही. पौलाने तीमथ्याला लिहिताना डाग दिल्याप्रमाणे बधिर झालेल्या विवेकबुद्धीविषयी सांगितले आहे. आमच्याकडे पूर्वी गुरांना डाग देत. ते मी पाहिले आहे. पण मन बधिर व्हायला तापलेले लोखंड लागतेच असे नाही. रोज थोडी थोडी सवड पुरते.

याच काळात मी विवेकबुद्धीवर भाषणेही दिली, हे लिहिताना कान तापतात. तरुणांच्या शिबिरात मी १५२१ सालच्या वर्म्सच्या सभेत बादशहापुढे उभा राहिलेला ल्यूथर रंगवून सांगत असे, आपली विवेकबुद्धी देववचनाला बांधलेली आहे म्हणून माघार घेणार नाही असे म्हणणारा. पंडिता रमाबाईंविषयी सांगत असे, की १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही ज्यांनी त्यांना आश्रय दिला त्या मठवासी भगिनींना त्यांनी स्पष्ट कळवले, माझे मन आणि माझा विवेक मी कोणाच्या हवाली केलेला नाही. हे सगळे खरे आहे आणि सांगण्यासारखेच आहे. पण विवेक बादशहाच्या विरोधात उभा राहतो तेव्हा तो आपल्याला आवडतो. तोच आपल्या बांधावर येऊन उभा राहिला की त्याला पाणी विचारायलाही आपण बाहेर येत नाही.

आणि आम्ही तर सीमाभागातली माणसे. १ नोव्हेंबर १९५६ ला कोणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि आमची गावे तिच्या पलीकडे गेली. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, ८१४ गावांची यादी, हे आमच्या घराघरात तोंडपाठ असते. काळ्या दिनाच्या सायकल फेरीत मीही गेलो आहे. विचारल्याशिवाय हलवलेल्या हद्दीचे दुःख काय असते हे मला कोणी शिकवायला नको होते. त्या फेरीत एका वर्षी आप्पांचा मुलगा माझ्या शेजारी सायकल चालवत होता, आणि मी घोषणा देत होतो. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात जे शाप मोठ्याने वाचून सर्व लोकांनी 'आमेन' म्हणायचे आहेत, त्यांत आपल्या शेजाऱ्याची हद्द सारणाऱ्यावरही एक आहे. तो शाप इस्राएलाच्या शत्रूसाठी नाही, शेजाऱ्यासाठी आहे.

आई २०२१ मध्ये गेली. पुढच्या उन्हाळ्यात वाटणीचा विषय निघाला तेव्हा मी धाकट्या भावाला सगळे सांगितले. तो आधी हसला. मग म्हणाला की बारा वर्षांहून जास्त काळ उघड ताबा असला की कायद्यानेच जमीन आपली होते, वकिलाला विचार. मी विचारले होते. खासगी जमिनीचा ताबा परत मागण्याची मुदत १२ वर्षांचीच आहे आणि आमच्या ताब्याला ४१ वर्षे झाली होती. कायदा आमच्या बाजूने निघाला असता. मी म्हणालो की ती पट्टी माझ्या वाट्यात टाक, तुझे काही कमी होणार नाही. तेव्हा तो चिडला, आणि त्याने जे म्हटले त्याला माझ्यापाशी आजही पुरते उत्तर नाही. तो माझ्यापेक्षा शास्त्र अधिक वाचतो. तो म्हणाला, "नोहा उघडा पडला होता तेव्हा शेम आणि याफेथ पाठमोरे चालत गेले आणि त्यांनी बापावर पांघरूण घातलं. तू काय करतोयस? मेलेल्या बापाला तू गावात चोर ठरवतोयस."

मी खूप विचार केला. बापाचा मान राख ही आज्ञा आणि चोरी करू नको ही आज्ञा एकाच पाटीवर असाव्यात अशी माझी समजूत आहे, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतील असे मला कधी वाटले नव्हते. शेवटी मी एवढ्यावर आलो की १९८१ ची गोष्ट बाबांची असेल, पण २००९ ची माझी आहे. मी आप्पांपुढे माझे खोटे कबूल करायला चाललो आहे. ही पळवाट आहे का? असेलही थोडी, कारण एक सांगितले की दुसरे उघडे पडतेच. पण भावाच्या मनाला जे पटत नाही ते त्याच्याकडून मी करवून घेतले नाही. करिंथ इथल्या मंडळीत मूर्तीच्या नैवेद्याचे मांस खाण्यावरून वाद होता तेव्हा पौलाने दुसऱ्याच्या विवेकबुद्धीला जपायला सांगितले होते. माझे मन माझ्यापुरते ग्वाही आहे, त्याच्यावरचा फौजदार नाही.

मी आप्पांकडे गेलो ती नोव्हेंबरातली संध्याकाळ होती, भात कापून पडले होते. मी बसलो आणि सांगितले. तेरा वर्षे ज्या वाक्याची मी तयारी केली होती ते बोलायला एक मिनिटही लागले नाही. मला आठवत होते, आप्पा. दगड दोन फूट तुमच्या बाजूला सरकवलेला आहे. आप्पांनी तंबाखू मळायची थांबवली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "तुला वाट पायजे काय माझ्या रानातनं?" मला कळेना. तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, "मास्तर, पलीकडं रस्ता व्हणार म्हणत्यात, त्यासाठी तर नव्हं?" मी नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही. का बसावा? माझ्या शब्दाचे मोल मी स्वतःच ठरवून दिले होते. "मला ठावं होतं," आप्पा शेवटी म्हणाले. "तू आठवत न्हाई म्हटलास तवाच ठावं झालं." त्यांनी मला क्षमा केली असे ते म्हणाले नाहीत आणि मी मागितली तेव्हाही ते गप्पच राहिले. हृदयाला पाझर फुटण्याचे जे चित्र मी मनात रंगवले होते, त्यातले काही झाले नाही.

दगड दोघांनी मिळून हलवला, मुलाने फीत धरली. उरला प्रश्न ४१ वर्षांच्या भाताचा. जुन्या करारातल्या 'लेवीय' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आणि 'गणना' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे की शेजाऱ्याचे जे लुबाडले ते पुरते परत करावे आणि वर पाचवा हिस्सा घालावा; दोषार्पणाचा मेंढा त्यानंतर. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने चौपट देऊ केले होते, पण मी जक्कय नाही. एकरी वीस क्विंटल धरले तर अर्ध्या गुंठ्यात वर्षाला पंचवीस किलो भात. ४१ वर्षांचे १०२५ किलो, पाचवा हिस्सा २०५, एकूण १२३०. सहा वर्षांत फेडायचे म्हणजे दरसाल २०५ किलो. मी कागद पुढे केला. आप्पांनी तो मुलाकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "देणार असलास तर बासमती दे." आमच्या भागातली बासमती किती निघते आणि काय भावाने जाते हे त्यांना माझ्याइतकेच माहीत होते. बरीच घासाघीस होऊन इंटाणवर ठरले. मला त्या घासाघिशीने, का कोण जाणे, हलके वाटले.

मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७३८ साली आपल्या छोट्या गटांसाठी जे प्रश्न घालून दिले होते त्यांत एक असा होता: लपवून ठेवावेसे वाटते असे तुझ्यापाशी काही आहे काय? आम्ही त्याच परंपरेतले, पण हा प्रश्न आमच्या मंडळीत कोणी कोणाला विचारल्याचे मला आठवत नाही. (हे 'आठवत नाही' खरे आहे.) भाऊ आता उपासनेला दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसतो. नाताळात त्याच्या घरून करंज्या आल्या, पण तो स्वतः आला नाही. ते दुःख आहे, आणि ते माझ्या कबुलीने आले आहे.

आप्पांनी पहिल्या वर्षी ती पट्टी पडीक ठेवली. बहुधा मी पुन्हा नांगर घालतो की काय हे पाहत असावेत. दुसऱ्या वर्षी त्यांच्या सुनेने तिथे रोप लावले. यंदा डिसेंबरात मी चौथ्या वर्षाची तीन पोती घेऊन गेलो, तर आप्पांनी अंगणात वजनकाटा मांडून ठेवला होता. आधीच्या तीन वर्षांत त्यांनी कधी वजन केले नव्हते. पोती एकेक करून चढवली. दोन किलो कमी भरले. आप्पा काही बोलले नाहीत, नुसते काट्याकडे बघत राहिले. मी घरी गेलो आणि दोन किलो भात घेऊन आलो.